शेजारणीचे कागद वाचून देते, पण पुढे काय करू?

पत्र

ताई, आम्ही बॉथेलला राहतो, सिॲटलच्या जवळ. नवरा रेडमंडला एका कंपनीत, मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, ईएडी म्हणजे कामाचा परवाना नाही त्यामुळे घरीच. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये ग्वाटेमालाचं एक कुटुंब आहे, त्यांची मुलगी माझ्या मुलाच्याच वर्गात, दुसरीत. सप्टेंबरात तिची आई शाळेचा एक कागद घेऊन आली, फोनवर ट्रान्सलेट लावून विचारलं हे काय आहे, मी समजावलं. तेव्हापासून प्रत्येक कागद माझ्याकडे येतो, शाळेचा, दवाखान्याचा, लाइट बिलाचा, परवा एक कोर्टाचा वाटावा असा होता. मला आवडतं हे, इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणाला तरी माझी गरज आहे असं वाटलं. पण नवरा म्हणतो आपणच व्हिसावर, त्यांचे पेपर्स काय आहेत कोणास ठाऊक, लांब राहा. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात नसत्या उठाठेवी कशाला. इथल्या महाराष्ट्र मंडळात विषय काढला तर म्हणाले कपडे गोळा करू, दिवाळीनंतर चार बॅगा जमल्या, पण ज्या संस्थेला फोन केला ते म्हणाले कपडे नकोत. मला तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी काहीतरी नीट करायचंय. स्वतःचा ग्रुप काढू का? घरी इंग्लिश शिकवू का? आणि यात मला काही त्रास होईल का?
— चार बॅगा गॅरेजमध्ये

उत्तर

प्रिय चार बॅगा,

बाकी सगळं नंतर, आधी तो कोर्टाचा वाटणारा कागद. आजच तिच्या दारावर टकटक कर आणि तो परत बघायला माग. ठेवून घेऊ नकोस, फक्त वर कोणाचं नाव छापलंय ते बघ. डिपार्टमेंट ऑफ जस्टिस आणि त्याखाली एक्झिक्युटिव्ह ऑफिस फॉर इमिग्रेशन रिव्ह्यू असं असेल तर ते इमिग्रेशन कोर्ट. त्यात तारीख असते, आणि त्या तारखेला माणूस हजर नसेल तर जज त्याच्या पाठीमागे देशाबाहेर काढायची ऑर्डर देऊ शकतो, मग पत्र कळलं नव्हतं, पत्ता बदलला होता, मूल आजारी होतं वगैरे सांगून ती ऑर्डर फिरवणं म्हणजे महाकठीण काम. असा कागद असेल तर तू त्याचा अर्थ लावत बसू नकोस, "काही नसेल गं, घाबरू नको" असं तर अजिबात म्हणू नकोस, तारीख मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तिच्या फ्रिजवर लाव आणि तिला नॉर्थवेस्ट इमिग्रंट राइट्स प्रोजेक्टचा नंबर काढून दे. ही संस्था १९८४ पासून आहे, त्यांचं मोठं ऑफिस सिॲटललाच, वकील तिथले, कमी उत्पन्नवाल्यांना फुकट किंवा अगदी थोड्या फीमध्ये मदत करतात. गर्दी असते, फोनवर थांबावं लागतं, पण खरे वकील आहेत.

खरे हा शब्द मुद्दाम वापरतेय. स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांमध्ये "नोटारिओ" अशा पाट्या लावून बसलेले लोक असतात. मेक्सिको, ग्वाटेमालाकडे नोटारिओ म्हणजे शिकलेला, मान्यताप्राप्त वकील, आणि अमेरिकेतला नोटरी म्हणजे तुझी सही तूच केलीस एवढं सांगणारा साक्षीदार, या फरकावर कित्येकांचे हजारो डॉलर गेलेत, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे चुकीचा अर्ज भरला गेला की पुढचे रस्तेही बंद होतात. इमिग्रेशनचा सल्ला फक्त वकील किंवा जस्टिस डिपार्टमेंटने मान्यता दिलेला संस्थेतला प्रतिनिधी देऊ शकतो. तू नाही, मी नाही, आणि मंडळातले ते काका पण नाहीत ज्यांनी स्वतःचं ग्रीन कार्ड स्वतः फाइल केलं म्हणून आता सगळ्यांना फॉर्म भरून देतात. काही गोष्टींना मुदत पण असते, आश्रयाचा अर्ज साधारणपणे अमेरिकेत आल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो, तेव्हा "बघू निवांत" चालत नाही.

तो कागद कोर्टाचा नसून घरमालकाचा निघाला तरी तारीख बघच. वॉशिंग्टन राज्यात भाडं थकलं तर १४ दिवसांची नोटीस येते, आणि केस कोर्टात गेलीच तर कमी उत्पन्न असलेल्या भाडेकरूला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क इथे २०२१ पासून आहे, असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. हे बहुतेक भाडेकरूंना माहीतच नसतं.

आता नवऱ्याची भीती. त्याला उगाच भित्रा ठरवू नकोस, व्हिसावरच्या माणसाच्या डोक्यात हे येणारच, विशेषतः २०२५ नंतर. पण शेजारणीला शाळेचं पत्र वाचून दाखवणं, तिच्याशी इंग्लिश बोलणं, लायब्ररीत तिच्यासोबत जाणं यात काही गुन्हा नाही. कोणाला लपवून ठेवणं, खोटे कागद करून देणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तू करत नाहीयेस. तिचे पेपर्स काय आहेत हे तुला माहीत नाही ना? छान आहे, माहीत करून घेऊ पण नकोस. कधीच विचारू नकोस. या क्षेत्रात नीट काम करणाऱ्या संस्था पण वर्गाला येणाऱ्याला हा प्रश्न विचारत नाहीत. शाळा पण विचारत नाही, कारण १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सांगून ठेवलंय की कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून वगळता येणार नाही.

आणि तुझा एच-४. फुकट सेवा करायला एच-४ ची आडकाठी नाही, फक्त ती खरोखरच फुकट असली पाहिजे. म्हणजे नोंदणीकृत धर्मादाय संस्था हवी, काम असं हवं की जे तिथे नेहमी स्वयंसेवकच करतात, पगारी माणसाच्या जागी तुला बसवलेलं नसावं, आणि बदल्यात पैसे, मानधन, गिफ्ट कार्ड, "नंतर नोकरी देऊ" असं काही नको. ही भाषा संस्थेलाही कळते, पहिल्याच ईमेलमध्ये लिहून टाक. मुलांच्या आसपास काम असेल तर बॅकग्राउंड चेक करतात, फॉर्मवर एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना असेल आणि तुझ्याकडे नसेल तर तसं सांग, तुझ्यासारखे अर्ज त्यांच्याकडे आधीही आलेले असतात. एक गोष्ट मात्र दोघांनीही सांभाळा, कोणत्याही उमेदवाराच्या निवडणूक प्रचाराला पैसे देऊ नका, ग्रीन कार्ड नसलेल्यांना ते चालत नाही. यातल्या काही संस्थांची राजकीय कामाची वेगळी शाखा असते, देणगीचं बटण दाबण्याआधी कुठल्या शाखेचं आहे ते बघायचं. आणि तुझ्या बाबतीत काही वेगळी भानगड असेल तर अर्धा तास वकिलाशी बोल, माझ्यावर विसंबून राहू नकोस.

आता तुझा मुख्य प्रश्न, स्वतःचा ग्रुप काढू का. नको. स्पष्टच सांगते, आपल्याकडे हा एक आजारच आहे, काही करावंसं वाटलं की आधी नाव, मग लोगो, मग व्हॉट्सॲप ग्रुप, मग अध्यक्ष कोण यावरून दोन गट. तुझ्या आसपास हे काम पन्नास पन्नास वर्षं करणारे लोक आहेत आणि ते कोणी बाहेरून येऊन उपकार करणारे नाहीत, तेच लोक आहेत ज्यांना मदत हवी होती.

एकच गोष्ट सांगते. सिॲटलला बीकन हिलवर लाइट रेलचं स्टेशन आहे, बाहेर आलं की समोर एक जुनी शाळेची इमारत दिसते, तिथे एल सेंत्रो दे ला रासा ही संस्था आहे. १९७२ मध्ये ती शाळा बंद पडलेली होती. तिकडे साउथ सिॲटल कम्युनिटी कॉलेजमध्ये लॅटिनो लोकांसाठी इंग्लिश आणि मोठ्यांच्या शिक्षणाचा एक कार्यक्रम चालायचा, त्याचे पैसे बंद झाले. तर त्यातले शिक्षक, विद्यार्थी, त्यांची कुटुंबं, सगळे मिळून ऑक्टोबरमध्ये त्या रिकाम्या शाळेत शिरले आणि बाहेर पडेनात. इमारत बघायला आलोय म्हणून दार उघडून घेतलं असं सांगतात. हीटर नाही, पाणी नाही, सिॲटलचा हिवाळा, आणि हे लोक आत वर्ग घेतायत, स्वयंपाक करतायत, आणि सिटी कौन्सिलला जाऊन ठाण मांडतायत. शेवटी शहराने इमारत भाड्याने दिली, वर्षाला १ डॉलर. त्यांचा म्होरक्या रोबेर्तो माएस्तास, त्याच्यासोबत काळ्या, एशियन आणि नेटिव्ह अमेरिकन समाजातले पुढारी पण होते. आज त्याच जागेत बालवाडी आहे, गरजूंना फुकट धान्य देणारी फूड बँक आहे, वृद्धांचं जेवण आहे, आणि शेजारी २०१६ मध्ये त्यांनी परवडणाऱ्या भाड्याची ११२ घरं बांधली. आणि सुरुवात कशाने झाली तर इंग्लिशचा वर्ग बंद पडल्याने!

हे सांगायचं कारण, कार्यक्रम चांगला की वाईट हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. जे लोक तिथे शिकायला किंवा मदत घ्यायला येतात त्यातले काही जण दोनतीन वर्षांनी तिथेच शिकवताना, संचालकांच्या बोर्डावर बसलेले, पगारावर असलेले दिसतात का. दिसत असतील तर ती जागा जिवंत आहे. नसतील, वर्षानुवर्षं देणारे तेच आणि घेणारे तेच, तर मग भिंतीवर फोटो कितीही असोत, लोक सामानाची पिशवी घेतात आणि निघून जातात, त्या गावात त्यांची ओळख कोणाशीच होत नाही.

सिॲटलमधल्याच कासा लातिना या संस्थेचं बघ, १९९४ पासूनची. रोजंदारीवर काम शोधणारी माणसं पूर्वी नाक्यावर उभी राहायची, गाडी थांबली की पळत जायचं, काम करून घ्यायचं आणि पैसे बुडवायचे हे सर्रास. या संस्थेने कामाचं केंद्र काढलं, ज्याला बाग साफ करून घ्यायची, सामान हलवायचं तो केंद्राला फोन करतो, दर आधी ठरलेला असतो, माणूस केंद्रातून जातो. आणि कामाची वाट बघत बसायचं त्या वेळात इंग्लिशचा वर्ग. मला यातली अक्कल आवडते, कारण दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता वर्गाला बोलावून तो आला नाही की "यांना शिकायचंच नसतं" म्हणणारे मी खूप बघितलेत. पैसे बुडवले तर वसूल करायलाही हीच संस्था मागे लागते. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी पण त्यांचं काम आहे, सिॲटल शहरात २०१९ पासून घरकामगार आणि नॅनींना किमान वेतन आणि कामात सुट्टीचा वेळ यांचा कायदा लागू झाला त्याच्या मागे अशा बायका होत्या. (हा कायदा सिॲटल शहरापुरता आहे, बॉथेलला नाही. पण मंडळात कोणाकडे क्लीनिंगला बाई येत असेल तर तिचा दर आणि तिची जेवणाची सुट्टी यावर एकदा बोलायला हरकत नाही, कपड्यांच्या बॅगांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. एवढं बोलून मी गप्प बसते.)

आणि वनअमेरिका, ही तर आपल्या जवळची. ९/११ नंतर शीख, मुस्लिम, अरब आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या लोकांवर हल्ले सुरू झाले तेव्हा प्रमिला जयपाल यांनी २००१ मध्ये हेट फ्री झोन नावाने ती सुरू केली, त्या चेन्नईत जन्मलेल्या, आता सिॲटलच्या खासदार आहेत. पुढे संस्थेचं नाव बदललं, काम वाढलं, इंग्लिश शिकवणं आणि नागरिकत्वाच्या अर्जाला मदत हे दोन मोठे भाग झाले, आणि त्याचा फायदा घेणाऱ्यांत लॅटिनो कुटुंबं भरपूर. सासूबाईंनी परत नसत्या उठाठेवी म्हटलं तर हे सांग, आपल्यावर वेळ आली तेव्हा सुरू झालेल्या संस्थेत आज तुझ्या शेजारणीसारख्या बायका इंग्लिश शिकतायत.

आता तुझी शेजारीण. एक गोष्ट तपासून बघ, ती स्पॅनिश बोलते ना नीट? गंमत नाही करत. ग्वाटेमालातून आलेल्या कित्येकांची घरची भाषा स्पॅनिश नसते, माम असते, किचे असते, कंजोबाल असते, स्पॅनिश त्यांनी शाळेत किंवा कामावर शिकलेली, आणि काहींची शाळा दुसरी-तिसरीतच सुटलेली. इथे शाळेत, दवाखान्यात सगळे धरून चालतात की लॅटिनो म्हणजे स्पॅनिश, आणि ती बिचारी मान हलवत राहते. आपल्याला कोणी "इंडियन ना, मग हिंदी येतंच असेल" म्हटलं की कसं होतं ते आठव, आणि आपल्याला निदान हिंदी येतं तरी. तिला सहज विचार, घरी आईशी कुठल्या भाषेत बोलायचीस? उत्तर माम आलं तर इंटरप्रिटर मागताना माम चाच मागायचा, इमिग्रेशन कोर्टात सुद्धा.

इंटरप्रिटर मागणं हे तू तिला शिकवायची पहिली गोष्ट. सरकारी पैसे घेणाऱ्या शाळेला आणि दवाखान्याला १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याखाली भाषेची सोय करावी लागते, तिने पैसे द्यायचे नसतात, फोनवर इंटरप्रिटर जोडून देतात. पॅरेंट-टीचर मीटिंगला तू जाऊन भाषांतर करू नकोस आणि तिच्या सात वर्षांच्या पोरीला तर बिलकुल करू देऊ नकोस. आईच्या पोटात गाठ आहे हे डॉक्टरचं वाक्य पोरीने आईला सांगायचं, हे होतं खरोखर, आणि आईपुढे "वर्गात लक्ष देत नाही" असं टीचर म्हणाली तर पोरगी त्याचं भाषांतर "खूप छान आहे म्हणतात" असं करते, कोण नाही करणार!

दुसरी गोष्ट आडनाव. तिच्या मुलीला दोन आडनावं असतील, आधी वडिलांचं मग आईचं, आणि आई लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावत नसेल. इथले फॉर्म एकच आडनाव घेतात, मग शाळेत मुलगी शेवटच्या आडनावाखाली, दवाखान्यात पहिल्याखाली, लसीकरणाच्या नोंदीत दोन्ही जोडून, आणि प्रत्येक ठिकाणी "तुमची नोंद सापडत नाही". ज्यांनी आपल्या पासपोर्टमधल्या वडिलांच्या नावाचा मिडल नेमशी घोळ निस्तरलाय त्यांना हे समजवायला नको. एका संध्याकाळी चहा करून दोघी बसा, जन्मदाखल्यावर आहे तसंच नाव एका कार्डावर छापील अक्षरात लिही, मुलीचं, आईचं, जन्मतारखा, अमेरिकन पद्धतीने महिना आधी. ते कार्ड पर्समध्ये राहू दे, प्रत्येक खिडकीवर ते दाखवायचं. तासाभराचं काम आहे पण पुढच्या दहा खेपा वाचतात.

आरोग्याचं म्हणशील तर वॉशिंग्टनमध्ये मुलांना ॲपल हेल्थ, म्हणजे राज्याचा सरकारी आरोग्य विमा मिळतो, उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर इमिग्रेशनचा दर्जा काहीही असो. सी मार नावाची क्लिनिकं आहेत, १९७८ पासून, लॅटिनो समाजासाठीच सुरू झालेली, स्पॅनिश बोलणारे लोक असतात आणि उत्पन्नाप्रमाणे फी. शिवाय "प्रोमोतोरा" म्हणून बायका असतात, वस्तीतल्याच, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या, घरोघरी जाऊन लस, डायबेटिस, इन्शुरन्स याबद्दल बोलणाऱ्या. गावाकडे आशाताई बघितल्या असशील, तीच जातकुळी. अशी एक प्रोमोतोरा तुझ्या शेजारणीच्या ओळखीची झाली ना तर तुझ्या दहा भाषांतरांपेक्षा जास्त काम होईल, कारण ती तिच्या भाषेत बोलेल आणि तिला स्वतःला या सगळ्यातून जाऊन झालेलं असेल.

इथेच मला जरा टोचणारं बोलायचंय. तू लिहिलंस की कोणाला तरी माझी गरज आहे असं पहिल्यांदा वाटलं. एच-४ वर घरी बसून दिवस कसा जातो हे मला चांगलं माहितीय, आणि तुझ्या त्या वाक्यात वाईट काही नाही. पण प्रत्येक कागद तुझ्याकडे येतोय हे तिच्यासाठी चांगलं लक्षण नाहीये गं. उद्या नवऱ्याचा प्रोजेक्ट हलला, तुम्ही टेक्सासला गेलात, मग? तिच्या ओळखीची चार दारं असायला हवीत, त्यातलं एक तुझं. म्हणून यापुढे कागद आला की तू एकटीने वाचून सांगायचं नाही, दोघींनी मिळून वाचायचं, वर कोणी पाठवलंय ते तिने शोधायचं, तारीख तिने शोधायची, पैसे भरायचेत का ते तिने शोधायचं, फोन तिने लावायचा, तू शेजारी बस. पहिल्यांदा वेळ लागेल, तुझा जीव कासावीस होईल की द्या इकडे मी बोलते, नाही बोलायचं.

आणि तू पण तिच्याकडे काहीतरी माग. तू डेंटिस्टकडे गेलीस तर मुलाला शाळेतून घेऊन ये म्हण. फक्त घेत राहणं कोणाला आवडत नाही, तिलाही लाज वाटत असणार, परत परत दार वाजवताना.

इंग्लिश घरी शिकवू का विचारलंस. गप्पा मार जरूर, पण वर्ग बाहेरच हवा, कारण तिथे तिला दुसऱ्या बायका भेटतील. कर्कलंडच्या लेक वॉशिंग्टन टेक सारख्या सरकारी कॉलेजात मोठ्यांसाठी इंग्लिशचे वर्ग असतात, क्वार्टरला, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सत्राला, २५ डॉलर फी, तेही जड जात असतील तर माफीबद्दल विचारायचं. होपलिंक ही पण तुमच्याच भागातली संस्था, १९७१ पासून, फूड बँक चालवते आणि मोठ्यांचे इंग्लिशचे वर्गही घेते. किंग काउंटीच्या लायब्ररीत टॉक टाइम असतो, पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, गोल बसायचं आणि बोलायचं. तू स्वयंसेवक म्हणून सुरुवात तिथूनच कर.

तिथे काय करायचं असतं तेही सांगते, कारण नवीन स्वयंसेवक व्याकरण घेऊन बसतात. बायकांना हवं असतं ते अगदी बारीक असतं. उदाहरणार्थ शाळेच्या हजेरीच्या नंबरवर फोन करून निरोप ठेवणं. समोर माणूस नाही, मशीन आहे, बीप वाजली की वीस सेकंदात मुलाचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, टीचरचं नाव, ताप आहे, आज येणार नाही. मशीनसमोर भल्याभल्यांची दातखिळी बसते. मी एका वर्गात बघितलं, शिकवणारीने स्वतःचा फोन टेबलावर ठेवला आणि प्रत्येकीला त्यावर खरोखर निरोप रेकॉर्ड करायला लावला, मग सगळ्यांनी मिळून ऐकला, हसून हसून पुरेवाट, आणि शेवटच्या फेरीत जी एक शब्द बोलत नव्हती तिने आडनावाची दहा अक्षरं न अडखळता सांगितली. भूतकाळ, पूर्ण भूतकाळ वगैरे नंतर बघता येतं.

एक विचारून घे वर्ग निवडताना, मुलं सांभाळायची सोय आहे का. तिला धाकटं मूल असेल तर सगळं त्यावर अडतं. सोय नसेल तर तुझ्यासाठी कामही सापडलं, शेजारच्या खोलीत दीड तास पोरं सांभाळणारी माणसं या संस्थांना कायम कमी पडतात, शिकवायला सगळे तयार असतात.

मंडळाचं. त्या बॅगा उद्या गुडविलला, त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, टाक आणि विषय संपव. संस्थांना कपडे नको असतात कारण ते निवडायला, धुवायला, ठेवायला माणूस आणि जागा लागते. त्यांना डायपर चालतात, साबण, डिटर्जंट, सॅनिटरी पॅड चालतात, कारण गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी फूड स्टॅम्पवर यातलं काहीच घेता येत नाही, पण आधी फोन करून यादी घ्यायची. पैसे सगळ्यात उत्तम. नवरा ज्या कंपनीत आहे तिथे मॅचिंग आहे का बघायला सांग, रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीएवढी रक्कम स्वतः घालतात आणि त्याने सेवा केलेल्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. तुझ्या तासांचे नाही मिळणार, त्याच्या तासांचे मिळतील, तेव्हा लांब राहा म्हणणाऱ्यालाच शनिवारी फूड बँकेत खोकी उचलायला उभा कर!

मंडळात ज्यांना सिटिझनशिप मिळालीय त्यांच्यासाठी तर नेमकं काम आहे. नागरिकत्वाच्या मुलाखतीची रंगीत तालीम घ्यायला माणसं लागतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलेल्यांना नवीन परीक्षा आहे, १२८ प्रश्नांतून २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात, आधी १०० मधून १० आणि ६ बरोबर होते. शिवाय इंग्लिश वाचून लिहून दाखवायचं. वय ५० च्या वर आणि ग्रीन कार्डला २० वर्षं झाली असतील, किंवा ५५ आणि १५ वर्षं, तर इंग्लिशची माफी असते आणि प्रश्न आपल्या भाषेत देता येतात, हे माहीत नसल्यामुळे कित्येक आजीआजोबा अर्जच करत नाहीत. ज्या काकूंनी स्वतः ते प्रश्न पाठ केलेत त्यांनी समोर बसून, चेहरा कडक करून विचारायचे, बास. संस्थेच्या कार्यक्रमात, संस्थेच्या लोकांच्या देखरेखीखाली. फॉर्म भरायचे नाहीत.

आणि फोटो नाहीत. ही अट पहिल्याच मीटिंगमध्ये घाल, तिथे फार चिडचिड होणार आहे हे गृहीत धर. बॅनर धरून, मागे लाभार्थी उभे करून फेसबुकवर टाकायची आपली सवय इथे एखाद्याच्या जिवाशी येऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, चर्च, दवाखाने अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई टाळायचं जे केंद्राचं धोरण होतं ते मागे घेतलं गेलं. लोक घाबरलेत, वर्गाला येणारे यायचे थांबले, काही वर्ग ऑनलाइन गेले. वॉशिंग्टन राज्याचा २०१९ चा कायदा आहे, त्यामुळे इथले स्थानिक पोलीस सहसा इमिग्रेशनचा दर्जा विचारत बसत नाहीत, पण केंद्राचे अधिकारी वेगळे. संस्थांकडे छोटी लाल कार्डं मिळतात, दार उघडायची सक्ती कधी असते, गप्प बसायचा हक्क काय आहे ते त्यावर लिहिलेलं असतं, ती कार्डं तिच्यासाठी घेऊन ये. आणि समजा ती मध्येच दिसेनाशी झाली, मेसेजला उत्तर नाही, तर कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर "कोणी पाहिलं का" असं टाकू नकोस, संस्थेत जिला ती ओळखते तिला विचार.

वर्गाला वेटलिस्ट असतेच, कॉलेजचे क्वार्टर सप्टेंबर, जानेवारी आणि एप्रिलच्या आसपास सुरू होतात, तेव्हा या आठवड्यात तिच्याबरोबर बसून दोन ठिकाणी नाव घाल, फोन नंबर तिचा दे, तुझा नको. नंबर लागेपर्यंत टॉक टाइम आहे, तिथे बहुतेक वेळा नाव नोंदवायची भानगड नसते, पहिल्या दिवशी तिला गाडीतून ने आणि दुसऱ्या वेळी दोघी बसने जा.

— ताई